टेलरकाकांचं ‘उद्या’

टेलरकाका आयुष्यभर एका शब्दावर जगले आणि आजारपणानंतर त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरला. तो शब्द म्हणजे ‘उद्या’.

कपडे शिवणाऱ्या माणसाचं आणि या शब्दाचं काय नातं असतं, हे ज्याने कधी कोट शिवायला टाकला असेल त्याला सांगायला नको. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतंय तोच काका कापडावरची नजर न काढता म्हणत, ‘उद्या.’ ते कपडे न्यायला आलंय की नुसता पत्ता विचारायला, याची चौकशी नंतर. एकदा तर पोस्टमनलाही त्यांनी ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं, आणि तो बिचारा सवयीने गेलाही. पण काम असं चोख, की माणसं शिव्या देत जायची आणि नवं कापड घेऊन परत यायची. काकांनी बेतलेला कोट अंगावर चढला की पाठीत वाकलेला माणूससुद्धा जरा ताठ दिसायचा. त्या ताठपणासाठी लोक वाट बघायला तयार असत.

मग एका सकाळी इस्त्री तापत ठेवलेली असताना काकांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने कुरकुरत चालायला लागला, हात काही वळला नाही. आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की त्यांना सगळं समजतं, आठवतंही सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. घर तेच, सामान जागच्या जागी, पण दिवे गेलेले. त्या अंधारात चाचपडताना काकांच्या हाताला जी एकुलती एक वस्तू लागली, ती म्हणजे हा ‘उद्या’.

भूक लागली, उद्या. पाठ दुखली, उद्या. खिडकी लावा, उद्या. सुरुवातीला घरात हसावं की रडावं कळेना.

“साऱ्या जगाला फसवलंत ना त्या शब्दाने,” काकू त्यांचं तोंड पुसता पुसता म्हणत, “आता तोच मानगुटीवर बसलाय बघा.”

काका हसत. हसणं मात्र पूर्वीचंच राहिलं होतं, फक्त आता ते डावीकडून जरा जास्त यायचं.

काकू म्हणजे त्यांची बायको. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची, हे काम लग्नापासून त्यांच्याकडे. हात चाले तितकंच तोंड चाले. काका मितभाषी असल्यामुळे दोघांच्या वाटचं बोलणं काकूंनी आधीच अंगावर घेतलं होतं. झटका आल्यावर तर रीतसर तो कारभारच त्यांच्याकडे आला. शेजारी विचारत, “कसं वाटतंय काका?” काकांचे ओठ हलायच्या आत काकू सांगून मोकळ्या होत, की रात्री झोप बरी लागली, गुडघा कुरकुरतोय, औषध कडू लागतं. काका मान हलवत. ती ‘हो’ म्हणून हलायची की ‘जाऊ दे’ म्हणून, हे बघायला कुणाला सवड नव्हती. काकूंना तर नव्हतीच. त्यांचा जीव त्या माणसात इतका गुंतला होता, की तो अडखळलेला त्यांना बघवत नसे. तो शब्दासाठी धडपडायला लागला की पाण्यात पडलेल्या माणसाला हात द्यावा तशा त्या धावून जात आणि हाताला लागेल तो शब्द त्याच्या तोंडात कोंबत.

अशाने चालायचं नाही हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. तिथे दर बुधवारी दुपारी बोलणं हरवलेल्या माणसांचा गट जमायचा. खाली दारावर ‘शांतता राखा’ अशी मोठी पाटी होती, आणि तिच्याखालून आत शिरताना गटातलं कुणी ना कुणी दरवेळी हसायचंच. वरची खोली लांबट होती. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात फाटक्या नकाशांची गुंडाळी, खिडकीशी चहा-कॉफीची किटली आणि एकमेकांशी न जुळणारे कप. गट चालवायची ती ताई वयाने काकूंच्या लेकीएवढी होती. माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हा तिचा पेशा; पण गटात ती शिकवत नसे, नुसती बसायची.

आल्या आल्या ताईने काकांना विचारलं होतं, “चहा घेणार की कॉफी?”

“चहा,” काकूंनी सांगितलं. “साखर बेताची.”

ताई काकूंकडे बघून हसली आणि तिने दोन्ही डबे काकांपुढे धरले. काकांनी डावा हात उचलला आणि कॉफीच्या डब्यावर ठेवला.

काकूंना भर सभेत कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हा माणूस कॉफी कधीपासून पितो? आणि प्यायची होती तर इतकी वर्षं चहा का ढोसला? घरी गेल्यावर त्यांनी खोदून खोदून विचारलं. उत्तर काय येणार ते ठरलेलंच होतं.

गटाचा नियम एकच होता. शब्द उसना द्यायचा नाही. समोरचा माणूस अडकला तर थांबायचं, त्याच्याकडे बघायचं, आणि शब्द आपल्याला माहीत असला तरी तोंडात मूग गिळून बसायचं. ज्याला ते जमणार नाही, त्याने शेवटी सगळ्यांचे कप विसळायचे. पहिल्या बुधवारपासून ते कप काकूच विसळत होत्या. त्यांची खुर्चीही हळूहळू नळाजवळ सरकली होती.

बाकी मंडळी एकाहून एक होती. एक कंडक्टर होते. जन्मभर बसमध्ये ओरडून घसा खरवडलेला माणूस. त्यांना कुठलाही शब्द मधूनच उचलता यायचा नाही, रांगेने यावं लागायचं. ‘बुधवार’ म्हणायचं तर सोमवारपासून निघायचं. घर कुठे आहे असं विचारलं की ते डोळे मिटून आगारापासून एकेक थांबा घोषित करत यायचे आणि आपल्या थांब्यावर डोळे उघडायचे. दुसऱ्या एक वकीलबाई. त्यांचं बोलणं अस्खलित, हातवारे कोर्टातले, फक्त ऐन मोक्याचा शब्द भलताच पडायचा. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून त्यांना कळायचं की कुठेतरी माती खाल्ली, आणि मग त्या सगळ्यांच्या आधी हसायच्या. आणखी चार-पाच जण होते, कुणी बोलत, कुणी बोलत नसत. पण त्या खोलीत कुणी कुणाची कीव करत नसे, आणि काकांना तिथे यायला आवडतं, एवढं काकूंना न विचारताही कळलं होतं. बुधवारी ते स्वतःहून बूट शोधत.

असं सगळं बरं चाललेलं असताना दुकानाचा विषय निघाला.

दुकान बंद पडून बरेच महिने झाले होते. मालकाला जागा हवी होती, आणि हिशेबी स्वभावाच्या लेकीने, जी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि आईबापांवर जीव टाकत होती, सगळं ठरवून टाकलं. येत्या रविवारी दुकान रिकामं करायचं. मशीन शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेला द्यायचं, उरलेसुरले कपडे आणि कापडं अनाथाश्रमात. चावी मालकाच्या हातात. काकूंनाही ते पटलं होतं. “ह्यांना काय, चालेल,” असं त्या लेकीला फोनवर सांगूनही बसल्या होत्या.

तरी विचारावं म्हणून लेकीने जेवताना विषय काढला. “बाबा, रविवारी दुकान आवरून टाकू. चालेल ना?”

काकांचा चमचा वाटीतच थांबला. “उद्या,” ते म्हणाले.

“उद्या नाही हो बाबा, रविवारी.”

“उद्या.” काकांनी जोरजोरात मान हलवली, वाकून काकूंचा खांदा धरला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत त्यांची बाही अशी ओढली की काकूंच्या हातातला घास पडला. मग स्वतःच्या छातीवर थापट्या मारल्या. “उद्या! उद्या!”

झालं. काकू धावल्या मदतीला. हात दुखतोय का? थंडी वाजतेय का? स्वेटर देऊ? मशीन ठेवायचं का? दुकान सोडायचं नाही का? या प्रश्नाला काका क्षणभर थबकले, मान अर्धवट हलवली, तेवढ्यात काकूंचा पुढचा प्रश्न आलाही होता. छातीत दुखतंय का? डॉक्टरांना बोलावू? लेकही घाबरून उठली. काकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी डाव्या हाताने सुपाची वाटी उडवली. ती भिंतीवर आपटली.

त्यानंतर काका बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. भूक लागली तरी गप्प, खिडकीतून गार वारं आलं तरी गप्प. तो एकुलता एक शब्दही त्यांनी मिटवून टाकला. इतके दिवस ज्या शब्दाने काकूंचे कान किटले होते, तो नाही म्हटल्यावर घर त्यांना खायला उठलं. त्या पोळीबरोबर बोलत, भांड्यांबरोबर बोलत, आणि मधेच थांबून कानोसा घेत. काही नाही. काकांना काय हवंय ते रविवारच्या आत कळलं नाही, तर दुकानाबरोबर तेही कुणाच्या तरी हवाली होऊन जाणार होतं. काय होतं ते देव जाणे. ज्या माणसाच्या खोकल्यावरूनही त्याची मर्जी ओळखता येते असा काकूंना तोरा होता, त्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं.

बुधवारी सकाळी त्या एकट्याच दुकानात जाऊन आल्या. आवराआवर सुरू करावी म्हणून किडूकमिडूक एका पिशवीत भरलं: टेप, खडू, अंगुस्तान, धाग्यांची रिळं. मोठी कात्री उचलवेना म्हणून तिथेच ठेवली. तीच पिशवी खांद्याला लावून, काकांना घरून घेऊन, त्या तशाच वाचनालयात गेल्या.

त्या दिवशी गटात काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं.

“माझ्यामुळे गप्प झाले हो हे,” त्या म्हणाल्या. “एक शब्द होता, तोही मी घालवला. त्यांना काहीतरी सांगायचंय आणि मी मेली मधे मधे बडबडतेय. रविवारी सगळं जाणार. मग सांगून तरी काय उपयोग?”

काका पलीकडच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. काठी दोन्ही पायांच्या मधे.

वकीलबाई उठल्या, काकूंजवळ आल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन ठाम आवाजात म्हणाल्या, “रडू नका. मी सांगते ना तुम्हाला. सगळं व्यवस्थित बटाटा होईल.”

मग आधी वकीलबाईंना, मग सगळ्या खोलीला हसू फुटलं. काकू डोळे पुसत पुसत हसल्या. काकांच्या ओठाची डावी कड हलली, ती काकूंनी बघितली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

हसणं ओसरलं तसे कंडक्टर खुर्ची ओढत काकांच्या समोर येऊन बसले. त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “एक,” ते म्हणाले, मग मान हलवली, पुन्हा निघाले. “प... प...” सगळे थांबले. काकूही थांबल्या. नळ टपकत होता. “पहिल्या... पहिल्यापासून,” कंडक्टर म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

ताईला कळलं. ती जवळ आली. “काका, कंडक्टरकाका म्हणतायत तसं करून बघू या. जे सांगायचंय ते राहू दे. पहिल्यापासून निघू. सकाळ झाली. दुकान उघडलं. आता काय करता?”

काकांचा डावा हात हळूच वर गेला, मानेपाशी आला आणि तिथे काहीतरी चाचपायला लागला. कॉलरच्या कडेने बोटं फिरली, थांबली, परत फिरली.

काकूंना लख्ख कळलं. दुकान उघडलं की त्यांच्या गळ्यात सगळ्यात आधी टेप पडायची, आणि रात्री जेवायला बसेपर्यंत ती तिथेच असायची. इस्पितळात नर्सने काढून हातात दिली तेव्हापासून ती गळा सोडून गेली होती. शब्द काकूंच्या जिभेवर आला. ‘टे—’ इथवर ओठांनी आकारही घेतला. त्यांनी जीभ चावली. खरोखरीची चावली, डोळ्यांत पाणी आलं.

“ताई,” त्या कळवळून म्हणाल्या, “शब्द उसना द्यायचा नाही. पण वस्तू दिलेली चालते का?”

“वस्तूबद्दल काही ठरलेलं नाही,” ताई म्हणाली.

काकूंनी पिशवीत हात घातला, टेप काढली आणि काहीही न बोलता, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काहीही न बोलता, नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

काकांनी ती उचलली. एका हाताने गळ्यात टाकली, दोन्ही टोकं सारखी केली. आणि त्यांची पाठ सरळ झाली. काठीचा आधार घेऊन ते उठले, काकूंच्या समोर येऊन उभे राहिले, काठी खुर्चीला टेकवली आणि बोट वर केलं. ही खूण दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाने पाहिलेली होती. काकू उठून उभ्या राहिल्या.

काका त्यांच्या खांद्याचा आधार घेत मागे गेले. टेपचं टोक एका खांद्यावर टेकवलं, पण दुसऱ्या खांद्यापर्यंत न्यायला दुसरा हात कुठे होता? टोक घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. तेव्हा कंडक्टर उठले आणि तिकिटाची पट्टी धरावी तसं ते टोक त्यांनी चिमटीत धरलं. काकांनी टेप ताणली आणि वाकून बघितलं.

“साडेचौदा,” काका म्हणाले.

कंडक्टरांनी चिमटीतलं टोक तसंच धरून ठेवलं.

“खांदा!” ताई ओरडली. “काका, खांदा! साडेचौदा!” आणि लगेच तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. वकीलबाईंनी शांतपणे नळाखालच्या कपांकडे बोट दाखवलं.

काकांचं लक्ष कुणाकडे नव्हतं. ते कामात होते. खांद्यावरून बाहीवर आले, बाहीवरून मनगटावर; त्या दिवशी जेवताना ज्या वाटेने त्यांनी काकूंची बाही ओढली होती त्याच वाटेने. “बावीस.” मग छाती. मग कंबर, आणि तिथे टेप बघताना त्यांच्या भुवया अशा वर गेल्या की काकू एरवी चिडल्या असत्या. रांगेने एकेक आकडा येत होता, कंडक्टरांच्या थांब्यांसारखा, आधीच्याचा हात धरून पुढचा. आणि काकू उभ्या होत्या. हा माणूस आपल्याशी बोलतोय, एवढंच त्यांना कळत होतं. साडेचौदा आणि बावीस, पण बोलतोय.

शेवटी काकांनी टेप त्यांच्या मानेखाली धरली आणि खाली सोडली. कंडक्टर गुडघ्यांवर बसले. टेप कंबरेखाली गेली, मांडीखाली गेली, गुडघ्याच्याही खाली जाऊन थांबली.

एवढी लांबी एकाच कपड्यासाठी घेतात. काकूंनी जन्मभर त्या कपड्याला बटणं लावली होती.

आणि त्यांना ते कापड आठवलं. गर्द निळं, जाड, लोकरीचं. काज करून जमवलेल्या स्वतःच्या पहिल्या कमाईतून नव्या नवरीने ते आणलं होतं, आणि दुकानात गिऱ्हाइकासारखं मेजावर ठेवून म्हटलं होतं, “टेलरसाहेब, मला एक कोट हवाय.” काकांनी तेव्हा अशीच मापं घेतली होती, जरा जास्तच वेळ घेऊन. कापड घडी करून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं. कधी मिळेल म्हटल्यावर मान वर न करता म्हणाले होते, “उद्या.” मग दर थंडीला काकू विचारायच्या आणि काका तेच उत्तर द्यायचे. घरातला तो ठरलेला विनोदच होऊन बसला. लोकांचे कोट आधी व्हायचे. मग लेक झाली, तिची शाळा झाली, आजारपणं झाली, आणि काकू काकांचा जुना स्वेटर घालून थंड्या काढत राहिल्या. कुठल्या वर्षी आपण विचारायचं सोडून दिलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या विसरून गेल्या होत्या. काका विसरले नव्हते. इतके महिने ते त्यांच्या डोळ्यांत बघून जो शब्द म्हणत होते, त्यातला एखादा तरी खराच असेल, त्याच प्रश्नाचं उत्तर असेल, असं काकूंना वाटलं.

शब्द त्यांच्या ओठांवर होता. दोन अक्षरी, सोपा. त्यांनी तो दिला नाही. वळून उभ्या राहिल्या आणि काकांच्या तोंडाकडे बघत थांबल्या.

“क,” काका म्हणाले. “क... क...” मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. “कप!”

सगळ्यांनी कपांकडे पाहिलं. काकांनी रागाने टेप झटकली, मग स्वतःच ऐकलेला शब्द त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी श्वास घेतला.

“कोट,” ते म्हणाले.

आणि टेपचं टोक काकूंच्या गळ्याशी लावलं.

काकू एरवी कुठल्याही प्रसंगाला बोलायला कमी पडल्या नसत्या. त्यांनी फक्त ते टोक धरलं, धरून ठेवलं, आणि मोठ्याने रडल्या. त्या दिवशी कप ताईने विसळले.

रविवारी दुकानात लेक आधीच पोचली होती. तिने खोकी रचली होती, कापडांची गाठोडी बांधली होती. अनाथाश्रमाची गाडी दुपारी येणार होती. काका-काकू आल्यावर काकूंनी काही न सांगता गाठोडी सोडायला सुरुवात केली.

“आई, अगं मी आत्ताच बांधलीत ती!”

“बांध पुन्हा. दोन मिनिटं थांब.”

ते सगळ्यात तळाशी निघालं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, सोबत अस्तराचं कापड, आणि लागतील तेवढी बटणं एका पुरचुंडीत. एका कोपऱ्याला कसरीने चार भोकं पाडली होती. बाकी रंग तसाच, गर्द निळा. काकूंनी ते मेजावर पसरलं आणि लेकीला सगळं सांगितलं. सांगताना मधे एकदाही थांबल्या नाहीत, बुधवारचं सगळं मौन भरून काढलं. लेक खोक्यावर बसून ऐकत राहिली.

काकांनी कापडावरून हात फिरवला. खडू डाव्या हातात घेतला आणि रेघ मारली. ती रेघ वाकडी गेली. या मेजावर काकांच्या हातून वाकडी रेघ कधी कुणी पाहिली नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. काकूंचा हात खडूकडे गेला. मी मारते, हातभर अंतरावर तर उभी आहे, एका दमात होईल. तो हात त्यांनी मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

काकांनी बाहीने रेघ पुसली. पुन्हा मारली. तीही वाकडीच, पण मघापेक्षा कमी. तिसरी त्यांनी मुळीच घाई न करता मारायला घेतली.

मेजाला वळसा घालून काकू गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला गेल्या. अंगातला जुना स्वेटर त्यांनी उगाच नीट केला.

“टेलरसाहेब,” त्या म्हणाल्या, “माझा कोट कधी मिळेल?”

“आई,” लेक म्हणाली, “पण आज तर दुकान—”

“श्शू. शब्द उसना द्यायचा नाही.”

दोघीही थांबल्या. रस्त्यावरून एक मोटार गेली. काकांचा खडू कापडावर सरकत होता, थरथरत, काठाकडे. रेघ पुरी झाली तेव्हा, मान वर न करता, ते बोलले.

“उद्या.”

वाटी भिंतीवर आपटल्यापासून तो शब्द पहिल्यांदाच येत होता. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच तो अगदी बरोबर जागी पडला होता.

“नक्की ना?” काकूंनी विचारलं. प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं तसंच.

काकांनी मान वर केली. बायकोकडे बघितलं, कापडाकडे, आपल्या लुळ्या हाताकडे, वाकड्या रेघेकडे. नीट विचार केला. आणि डावीकडून जरा जास्त हसले.

“उद्या,” ते म्हणाले.

लेकीने फोन काढला, डोळे पुसले आणि मालकाचा नंबर लावला. “हो, मीच बोलतेय,” ती म्हणाली. “दुकानाच्या चावीचं ना? हो, आज द्यायची ठरली होती खरी. पण त्याचं असं झालंय...” तिने एकदा मेजाकडे बघितलं.

“तुम्ही उद्या या,” ती म्हणाली.